श्रीचा कै

चहा घ्या आधी. पण घोट गिळून मगच माझ्याकडं बघा. हा किस्सा ऐकताना लोकांचा चहा नाकात जातो, आणि ठसका लागून तुमचं काही बरंवाईट झालं तर तेही माझ्याच नावावर लागायचं. आधीच माझ्या नावावर एक अख्खं संचालक मंडळ आहे. सासरे धरून!

होय, मी माझ्या सासऱ्यांना मारलं. बसा हो, बसा, उठता कुठं? हत्यार वगैरे काही नव्हतं. एक बोट होतं फक्त. ज्या बोटानं मी बारामतीच्या शाळेत रोज पोरांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवतो, तेच. मराठीचा शिक्षक आहे मी. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं हसायला सोपं जाईल.

तर माझे सासरे, म्हणजे तात्या. इंदापूर तालुक्यातलं अंथुर्णे हे माझं सासर. तिथल्या एका दूध संस्थेचे तात्या चेअरमन. भरघोस मिश्या, कडक इस्त्री, आणि जावई या प्राण्याविषयी एकदम ठाम मत. जावयाला पाट द्यावा, ताट द्यावं, पण काम देऊ नये, मोडतोड होते! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला साध्या बादलीला हात लावू दिला नव्हता. लोकांना वाटायचं, काय हा जावयाचा मान! मला आतली गोष्ट माहीत होती.

या दूध संस्थेची एक वेबसाइट होती. पुण्याच्या कुणीतरी ती बनवून दिली, आणि त्यानंतर त्याचा फोन जो संपर्क क्षेत्राच्या बाहेर गेला तो आजतागायत परत आला नाही. वेबसाइटवर दुधाचे भाव जुने, बक्षीस मिळवलेल्या म्हशीचा फोटो जुना. ती म्हैस विकून मालकानं बंगल्याचा स्लॅब टाकला, तरी ती तिथं आपली रवंथ करत उभी! तात्या वैतागले होते.

मी ही संधी सोडतो होय? इतक्या वर्षांत सासऱ्यापुढं हुशारी दाखवायची पहिलीच वेळ आली होती.

"तात्या," मी म्हणालो, "आता कोडिंग-बिडिंग काही लागत नाही. फुकट साधनं मिळतात इंटरनेटवर. आपली वेबसाइट आपल्या हातानं बदलायची. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो ना आपण, तितकं सोपं!"

"फुकट?" तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "जावईबापू, फुकटात म्हस कोन देतंय? लाथाळ आसंल तवाच देतंय."

"अहो तात्या, फुकट ते पौष्टिक!"

ही म्हण कुणी काढली असेल त्याला एकदा भेटायचंय मला.

उन्हाळ्याची सुट्टी होती. मी त्या फुकटच्या साधनात अख्खी वेबसाइट हलवली, आणि खोटं कशाला बोलू, झकास जमलं! एक ओळ कोडची लिहावी लागली नाही. फोटो धरायचा, ओढायचा, सोडायचा. रंग बदलायचा. अक्षर मोठं करायचं. मला तर नशाच चढली. बायको जेवायला हाक मारायची आणि मी म्हशीच्या फोटोला गोल कोपरे करत बसायचो.

त्यात ते साधन मराठीतसुद्धा होतं. म्हणजे, मराठीसारख्या कशात तरी होतं. पहिल्या पानाला ते 'घर' म्हणायचं. ओढून टाकण्याला 'ओढा आणि सोडून द्या' म्हणायचं. आणि केलेलं काम जपून ठेवायला खाली एक लालभडक बटण होतं, त्यावर लिहिलं होतं 'वाचवा'. आता वाटतं, ते बटण नव्हतंच, ती हाक होती. मला कळली नाही.

तात्यांसाठी मी खास वेगळं पान केलं, 'अध्यक्षांचे मनोगत'. फोटो कुठला घ्यावा? तात्यांचा एका सत्कारातला फोटो सापडला. अंगावर शाल, गळ्यात गुडघ्यापर्यंत झेंडूचा हार, नजर लांब कुठंतरी लागलेली. त्या साधनात फोटोला रूप द्यायची सोय होती. त्यातलं 'अभिजात' नावाचं मी निवडलं. फोटो एकदम काळापांढरा झाला, कडेनं धुरकट. असा भारदस्त, की बघणाऱ्यानं आपोआप हात जोडावेत!

आता जरा लक्ष द्या. इथून पुढं घसरगुंडी आहे.

माझी मेहुणी पल्लवी. तात्यांची धाकटी. हिनं स्थळं नाकारायचा सपाटाच लावला होता. एकाला नाही म्हणाली, कारण तो स्वतःच्या गाडीबद्दलच बोलत होता. दुसऱ्याला नाही, कारण त्याची आईच सगळी उत्तरं देत होती. आणि मग इंदापूरचं एक स्थळ आलं. ते लोक जाऊन गाडी वळणावर दिसेनाशी होते न होते, तोच पल्लवी मला म्हणाली, "दाजी, मी बोलायला लागले आन् त्यानं मोबाइल खिशात ठेवला. परत काढलाच न्हाय." एवढं बोलून ती लाजून आत पळाली. पल्लवी आणि लाजली! माझी बायको तर दाराला टेकून उभी राहिली.

सगळं जुळलं. रविवारी सकाळी अंथुर्ण्याला सुपारी फोडायची ठरली. म्हणजे लग्न पक्कं. मुलाचे वडील भगवानराव आमच्या संस्थेच्या श्रीखंडावर इतके खूश होते, की जाताना म्हणाले होते, "सुपारीला दुसरं काय गोड करूच नगा, ह्येच ठेवा." म्हणून शनिवारी आम्ही सासुरवाडीला पोचलो तेव्हा संस्थेतून श्रीखंडाचा हा एवढा डबा आला होता. सासूबाईंच्या फ्रीजमध्ये तो मावेना. शेवटी मीच पुढं झालो, मधले कप्पे काढले आणि डबा बसवला. तात्यांनी काम करू दिलं! माझा दिवस चांगला चालला होता.

आणि तेवढ्यात तात्यांनी मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, एक ऱ्हायलंय बगा. आपलं गनपतआबा."

ही दूध संस्था ज्यांनी उभी केली ते गणपतआबा. हिवाळ्यात वारले. वेबसाइटवर मात्र ते अजून 'श्री. गणपतआबा'च होते.

"त्येंच्या म्होरलं श्री काढा आन् कै करा. आक्का उद्या सुपारीला येनार हायेत. कुनी मोबाइलात दावलं तर त्येंना कसं वाटंल?"

आक्का म्हणजे आबांच्या पत्नी. तात्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. जिवंत माणसाला 'श्री.', गेलेल्याला 'कै.', कैलासवासी. हे मी स्वतः आठवीला शिकवतो! परीक्षेत विचारतो! गुण कापतो!

मी पलंगावर मांडी घालून लॅपटॉप उघडला. आबांचं नाव वेबसाइटवर जिथं तिथं होतं. एकेक ठिकाण शोधत कोण बसणार? आणि मला दिसली ती सोय, 'शोधा आणि बदला'. वा! शोधा: श्री. बदला: कै. टिंब आधीचं आहेच तिथं, परत कशाला टाका?

त्या साधनानं मला विचारलं बरं का. अगदी सभ्यपणे विचारलं. 'सर्व बदलायचे?'

मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? आबा सगळीकडेच वारलेत! एका पानावर वारले आणि दुसऱ्या पानावर जिवंत, असं कसं चालेल?

सर्व बदला. वाचवा. प्रसिद्ध करा. टक, टक, टक!

आबांचं पान उघडून बघितलं. 'कै. गणपतआबा.' चोख! बाकीची पानं बघायची गरजच काय होती? 'ध चा मा' हा वाक्प्रचार मी वर्गात इतका रंगवून सांगतो, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी होतात. एका अक्षरानं माणूस जातो, पोरांनो! पण त्या गोष्टीत निदान एकच माणूस होता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण नाही. मला वाटलं, होणाऱ्या व्याह्यांनाही कळू दे, आपलं घर काय तोलामोलाचं आहे! मी तात्यांच्या त्या पानाची लिंक भगवानरावांना पाठवली. वर लिहिलं, 'आमच्या तात्यांविषयी. आजच दुरुस्ती केली आहे. घरातील सर्वांना दाखवावे.'

काही वेळानं फोन वाजला. भगवानराव!

"जावईबापू, आत्ताच बगितलं मोबाइलात. लई वाईट झालं हो!"

मी समजलो, यांनी आबांच्या पानावरचं 'कै.' वाचलं. किती हळवी माणसं, मी मनात म्हटलं.

"हो ना," मी म्हणालो. "मोठा माणूस गेला."

"पर आसं अचानक कसं काय?"

"झोपेतच गेले. सकाळी धारा काढायला उठले नाहीत, तेव्हा कळलं. काही त्रास नाही झाला."

"अरारारा! देवमानूस. आन् घरची मंडळी?"

"सावरलीत सगळी."

"येवढ्यात?"

"काय करणार भगवानराव? माणूस गेला म्हणून म्हशी थांबतात का? धार काढावीच लागते."

पलीकडून नुसता सुस्कारा आला. मग घसा खाकरून ते हळूच म्हणाले, "मंग उद्याचं कसं?"

"उद्याचं ठरल्याप्रमाणंच! दहा वाजता. सगळी तयारी झालीय."

"म्हंजे उद्या धा वाजंपत्तूर ठेवनार?"

आता हा माणूस श्रीखंडवेडा, हे मला ठाऊक होतं. मी हसून म्हणालो, "ठेवलंय की!"

"उन्हाचं दिस हायेत. ऱ्हाईल का चांगलं?"

"न राहायला काय झालं? फ्रीजमध्ये आहे."

"घरच्या फिरिजात?"

"घरच्याच. आधी मावत नव्हतं. मग मी मधले कप्पे काढले, थोडं तिरकं केलं, बसलं बरोबर!"

मला वाटलं रेंज गेली. "हॅलो? हॅलो?"

"हाय, हाय. ऐकतोय." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आमी येताना काय आनायचं?"

"काही आणू नका. तुम्ही सगळे या म्हणजे झालं. आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही बरं का. सनई सांगितलीय, पंगत आहे!"

"तुमच्याकडची रीत जरा येगळीच दिसती."

"आमच्याकडं हौसच दांडगी!" मी म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोला म्हटलं, "फार गोड माणसं आहेत गं. श्रीखंडाची किती काळजी!"

रविवार उजाडला. अंगणात मांडव, दारात रांगोळी, कोपऱ्यात सनईवाले. संस्थेचे संचालक नवे कपडे घालून खुर्च्यांवर. सासूबाई हिरव्यागार रेशमी साडीत, कपाळाला ठसठशीत कुंकू. आक्का पुढच्याच खुर्चीत बसलेल्या. तात्या आत फेटा बांधून घेत होते. मी फाटकात उभा, स्वागताला.

दोन गाड्या आल्या. दारं उघडली. आणि मी बघतच राहिलो.

सगळे पांढरे! पुरुषांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, तोंडं उतरलेली. बायकांच्या डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेले. कुणाच्या केसात गजरा नाही. भगवानरावांच्या हातात एक जाडजूड हार, आणि काखेत टॉवेल-टोपी, दुखवट्याला नेतात ना, तशी. मुलगा सगळ्यांत मागं, खाली मान घालून.

मला वाटलं, यांच्याकडचं कुणीतरी गेलं. आणि तरी आले! केवढा शब्दाला जागणारा माणूस!

मी काही बोलायच्या आत मुलाच्या आत्याबाई पुढं धावल्या आणि सासूबाईंच्या गळ्यात पडल्या. "अगं माझे बाई! कसं गं हे झालं!" सासूबाई आधी गोंधळल्या. पण समोरचं माणूस एवढं रडतंय म्हटल्यावर आपण कोरडं राहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनीही सूर लावला. मुलाच्या आई आल्या, त्याही रडायला लागल्या. आमच्याकडच्या बायका आल्या, त्याही. कोण कुणासाठी रडतंय हे कुणालाच माहीत नाही, पण रडणं एकदम मनापासून चाललेलं! आणि आत्याबाई मधेच डोळे पुसून सासूबाईंच्या कुंकवाकडं बघायच्या, हिरव्या साडीकडं बघायच्या, आणि आणखी जोरात रडायच्या. सनईवाले वाजवतच होते. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून तात्या बाहेर आले. गुलाबी फेटा, पीळ दिलेल्या मिश्या, दोन्ही हात पसरून, "या, या, पाव्हनं! या!"

आत्याबाईंनी जी किंकाळी फोडली, ती म्हणे भिगवणच्या रस्त्यापर्यंत गेली. भगवानरावांच्या हातातला हार गळून पडला. मुलाचे आजोबा अण्णा खुर्चीवर बसणार होते, ते खुर्ची चुकून खाली बसले.

तात्यांनी चारी बाजूला पांढरे कपडे बघितले आणि हात खाली घेतले. "काय झालं भगवानराव? कोन गेलं?"

भगवानरावांनी नुसतं बोट केलं. "तुमी!"

"मी? मी कुटं गेलो? मी हितंच हाय की!"

"तुमी काल झोपंत गेलाय न्हवं? जावईबापूच म्हनलं!"

सगळा मांडव माझ्याकडं वळला. माझी बायको तर अशी वळली की मी तिच्याकडं न बघताच मला कळलं.

अण्णा खालीच बसलेले. ते तात्यांकडं बघत होते, मग घराकडं बघत होते, परत तात्यांकडं. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्यो मानूस हितं उभा हाय, तर मंग फिरिजात कोन हाय?"

सनई थांबली.

"श्रीखंड!" मी ओरडलो. "श्रीखंड आहे हो फ्रीजमध्ये!"

"कोन श्रीखंड? कुनाचा कोन?" आत्याबाई परत रडायच्या बेतात.

मग मोबाइल निघाला. भगवानरावांनी तो तात्यांपुढं धरला. तात्यांनी चष्मा लावून वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "'कै. बाजीराव तात्या यांचे मनोगत.' आन् ह्यो फोटू? ह्यो धूर कसला हाय?"

"अभिजात आहे," मी म्हणालो. माझा आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

आता खुर्च्यांवरच्या संचालकांनीही आपापले मोबाइल काढले. क्षणभर सगळे वाचण्यात गर्क. मग सुरू झालं.

"आरं, मी बी गेलोय!"

"मी बी! हितं बग, माझं बी कै!"

"तात्या गेलं म्हंजे चेअरमन आता मीच," व्हाइस चेअरमन खुशीत म्हणाले.

"तुमी बी गेलायसा. खाली बगा."

"आँ? कवा?"

"कालच. सगळे येकदम. सर्वानुमतं!"

अजून संपलेलं नव्हतं. संचालिका जयश्रीताई ताडकन उठल्या. "माझं नाव जयकै कुनी केलं?" दुसऱ्या कुणीतरी उत्पादनांचं पान उघडलं. "पनीर, लस्सी, कैखंड." आणि मग एकानं सगळ्यांत वरची ओळ वाचली, आणि वाचतावाचता त्याचा आवाज बसत गेला. कारण वेबसाइटच्या डोक्यावर, जिथं आम्ही मोठ्या भक्तीनं 'श्री नरसिंह प्रसन्न' लिहिलं होतं, तिथं आता होतं, 'कै नरसिंह प्रसन्न'.

सासूबाईंनी गालावर चापट्या मारून घेतल्या. "देवा, पोरगं अजान हाय!" पोरगं म्हणजे मी. केस पांढरे झालेत माझे.

"थांबा! थांबा! आत्ता दुरुस्त करतो, एका मिनिटात!" मी आतून लॅपटॉप आणला. डोकं चाललं. शोधा: कै. बदला: श्री. सर्व बदलायचे? अहो, सर्व! ताबडतोब सर्व! सगळ्यांना उठवा!

"बघा आता," मी घाम पुसत म्हणालो.

मोबाइल परत उघडले. "मी आलो!" "मी बी आलो!" मांडवात टाळ्या पडल्या. मी मान ताठ केली.

"माझं श्रीलास झालंय," मागून आवाज आला. ते संचालक कैलासराव होते. आजवर त्यांच्या नावाला धक्का लागला नव्हता, आता लागला.

"आन् ही श्रीरी काय हाय? 'श्रीरीचं पन्हं'?"

"कैरी," मी पुटपुटलो. "कैरी आहे ती."

तोवर आक्कांनी शेजारच्याचा मोबाइल हातात घेतला होता. पडद्यावर आबांचा फोटो होता, आणि खाली 'श्री. गणपतआबा'. मी आबांनाही उठवलं होतं.

आक्का बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरले. त्या क्षणी मला खरंच, अगदी खरंच, मांडवाच्या खांबामागं जाऊन मरावंसं वाटलं. लाज वाटली हो.

आक्कांनी पदरानं डोळे टिपले. "बरं दिसतंय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या चार दिस." मग माझ्याकडं बघून तोंडाचं बोळकं पसरून हसल्या. "पर मास्तर, सात जन्माच्या हिशेबात ह्यो धरू नगा. तेवढं देवाला कळवा."

मांडव हसला. पण पाहुणे हसले नव्हते. आत्याबाई भगवानरावांच्या कानाशी लागल्या होत्या, आणि कुजबुज सगळ्यांना ऐकू येत होती. "आपशकुन झाला. रडत आलो आपुन ह्या दारात. सुपारी फोडू नगा."

हे ऐकलं आणि माझं हसू जागच्या जागी गोठलं. आतल्या खोलीच्या पडद्याखाली पल्लवीची पावलं दिसत होती. अजिबात न हलणारी. इतक्या स्थळांना नाही म्हणणारी ही पोरगी, पहिल्यांदा कुणाला मनापासून हो म्हणाली, आणि ते मोडणार कुणामुळं? पत्रिकेतल्या मंगळामुळं नाही, देण्याघेण्यामुळं नाही, तर दाजीला फुकटात वेबसाइट बदलता येते म्हणून! बिचाऱ्या सासूबाईंनी वातावरण निवळावं म्हणून वाट्या भरून श्रीखंड आणलं. एकाही पाहुण्यानं हात लावला नाही. अण्णांनी वाटी लांबूनच बघितली. "नगं. आमाला भाजीपुरीच द्या."

मुलगा तेवढा अजून मागं उभा होता. तो पडद्याखालच्या त्या पावलांकडं एकटक बघत होता, आणि बघतबघत त्यानं डोक्यावरची पांढरी टोपी काढून खिशात घातली. ते अण्णांनी पाहिलं.

अण्णा उठले. धोतर झटकलं. काठी आपटली.

"पोरी, गप बस. मेल्याची आवई उठली की मानसाचं आयुष्य वाढतं, आसं आमचा बा म्हनायचा. हितं तर अख्ख्या संस्थंचं वाढलंय. ह्यो आपशकुन कसा?" मग ते तात्यांकडं वळले. "तात्या, सुपारी फोडू. हुंडा नगं, मानपान नगं. पर आमची येक अट हाय."

तात्यांचा हात मिशीवर थांबला. "बोला अण्णा. काय आसंल ते बोला."

सगळ्यांनी श्वास रोखला. सनईवाल्यांनीसुद्धा.

अण्णांनी काठी उचलली आणि सरळ माझ्यावर रोखली. "लग्नाची पत्रिका छापायच्या आदी ह्या जावयानं तिला हात लावायचा न्हाय. आमच्या नातवाचं नाव श्रीकांत हाय!"

मांडव कोसळला म्हणा. व्हाइस चेअरमन तर नुकतेच जिवंत झाले होते, ते परत जाता जाता वाचले. आत्याबाईसुद्धा पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या.

"मान्य!" तात्या गरजले. "लिवून देतो!"

आता मी काय बोलावं? गप्प बसावं ना? पण नाही. शिक्षकाचा स्वाभिमान आडवा आला. मी हात लांब करून दोन पावलं पुढं झालो आणि म्हणालो, "अहो, लिहीत नाही. पण निदान शुद्धलेखनापुरती नजर तरी टाकतो."

आणि सुपारी फुटेपर्यंत नवरीनं आतून चकार शब्द काढायचा नाही, हा सगळा रिवाज गुंडाळून ठेवून, पडद्याआडून पल्लवी किंचाळली, "दाजी, हात मागं घ्या आदी!"